सतीश शाह : दर आठवड्याचा नवा पाहुणा आणि कायमचा इंद्रवदन

सतीश शाह यांचे ऑक्टोबर 2025 मध्ये निधन झाले, तेव्हा त्यांच्याविषयी जे लिहिले आणि बोलले गेले त्यात 'जाने भी दो यारों' या चित्रपटातला डिमेलो आणि 'साराभाई वर्सेस साराभाई' या मालिकेतला इंद्रवदन हेच दोघे पुन्हा पुन्हा भेटत होते. ते स्वाभाविकही होते. परंतु या दोन भूमिकांच्या मध्ये वीस-एकवीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या वर्षांत दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांमध्ये या नटाने जे काम केले त्याचा विचार सलगपणे झालेला माझ्या वाचनात नाही. तो येथे व्हावा, म्हणून हा धागा.

मला मांडायचा मुद्दा असा आहे. विनोदी मालिकेत चरित्र अभिनेत्याकडून दोन अगदी उलट गोष्टींची मागणी होऊ शकते. पहिली म्हणजे दर भागात कोरा माणूस होऊन येणे, पाच-दहा मिनिटांत प्रेक्षकाला आपली पूर्ण ओळख पटवून देणे आणि निघून जाणे. दुसरी म्हणजे एकच माणूस महिनोन्महिने वठवणे आणि त्याच्या त्याच खोड्या, तीच चिडवाचिडवी, तेच नातेसंबंध पाहूनही प्रेक्षकाला कंटाळा येऊ न देणे. पहिल्या प्रकारात नटाला जम बसवायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात वेळ इतका मिळतो की त्यातच भूमिका शिळी होण्याचा धोका असतो. या दोन्ही कसोट्यांना सतीश शाह यांच्याइतका पुरेपूर उतरलेला दुसरा नट हिंदी दूरचित्रवाणीवर मला दिसत नाही.

पहिली कसोटी 1984 सालची. दूरदर्शनवर रंगीत प्रक्षेपण सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. 'हम लोग'ही त्याच वर्षी सुरू झाली आणि मालिका पाहण्याची सवय देशाला नुकतीच लागत होती. 'ये जो है ज़िंदगी' ही शरद जोशी यांच्या लेखणीतून उतरलेली आणि कुंदन शाह यांच्या दिग्दर्शनात आकाराला आलेली मालिका त्याच सुमारास आली. शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे जोडपे, राकेश बेदी हा घरात ठाण मांडून बसलेला मेहुणा, आणि दर भागात या घराशी काही ना काही कारणाने संबंध येणारा एक नवा इसम. तो इसम म्हणजे सतीश शाह. 55 भागांत 55 वेगळ्या भूमिका त्यांनी केल्या, असा आकडा त्यांच्या संदर्भात नेहमी दिला जातो. आकड्याचे कौतुक जरूर व्हावे, परंतु त्यातली अडचण त्याहून मोठी आहे. प्रेक्षकाला तिसऱ्या-चौथ्या भागापासूनच ठाऊक झालेले असते की दार उघडल्यावर तोच नट आत येणार. वेषांतराचा अचंबा तेथेच संपतो. त्यापुढे मिशी, टोपी आणि चष्मा बदलून भागत नाही. बसण्याची तऱ्हा, वाक्य कोठे तोडायचे, समोरच्याकडे किती वेळ पाहायचे हे सगळे बदलावे लागते. 'तीस साल का तजुर्बा' हे त्यांचे पालुपद त्या काळी घराघरांत पोहोचले, ते शब्दांमध्ये फार मोठा विनोद होता म्हणून नव्हे. तो माणूस स्वतःच्या अनुभवाविषयी इतका निःशंक होता की समोर घडणारा गोंधळ त्याला दिसतच नव्हता, आणि हा आंधळा आत्मविश्वास सतीश शाह यांनी चेहऱ्याची एक रेषही न हलवता दाखवला होता.

दुसरी कसोटी 2004 ची. 'साराभाई' सुरू झाली तेव्हा ते 53 वर्षांचे होते. आतिश कपाडिया यांचे लेखन आणि देवेन भोजानी यांचे दिग्दर्शन. दक्षिण मुंबईतील कफ परेडमध्ये राहणारे उच्चभ्रू कुटुंब, अभिरुचीविषयी पराकोटीची जागरूक पत्नी माया, शांत स्वभावाचा थोरला मुलगा साहिल, घासाघीस करण्यात धन्यता मानणारी सून मोनिषा आणि कविता करणारा धाकटा रोसेश. या सर्वांमध्ये इंद्रवदन हा घरचा कर्ता पुरुष आहे, पण त्याचे वागणे वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या मुलासारखे आहे. कोणाला तरी डिवचायचे आणि लगेच साळसूदपणे वर्तमानपत्रात तोंड घालायचे, हाच त्याचा दिनक्रम. लिहिलेल्या संवादांपेक्षा या साळसूदपणातच सतीश शाह यांची खरी कमाई आहे, असे मला वाटते.

रोसेशच्या कवितांचे प्रसंग पुन्हा पाहावेत, अशी माझी सर्वांना विनंती आहे. राजेश कुमार यांनी त्या पात्रासाठी घडवलेला आवाज आणि त्या अफाट ओळी यांचे श्रेय त्यांचे आणि लेखकाचे आहेच. पण कविता चालू असताना इंद्रवदनाकडे लक्ष ठेवा. पहिल्या ओळीला तो आशेने ऐकत असतो, कारण आज काय हाती लागणार याची त्याला उत्सुकता असते. दुसऱ्या ओळीला त्याच्या डोळ्यांत चमक येते. तिसऱ्या ओळीनंतर तो मोनिषाकडे पाहतो, आणि त्या एका नजरेने सासरा-सुनेचे संगनमत पक्के होते. एकही शब्द उच्चारलेला नसतो. स्वतःचे वाक्य येण्यापूर्वीच हशा मिळवणारा आणि तरीही दुसऱ्या नटाच्या वाक्यावर कुरघोडी न करणारा असा नट दुर्मीळ असतो.

सदस्यांनी आपापली निरीक्षणे लिहावीत.

प्रतिसाद

धागा आवडला. एक भर घालावीशी वाटते. सतीश शाह यांच्या 'ये जो है ज़िंदगी'मधल्या यशाचा मोठा वाटा शफी इनामदार यांच्याकडे जातो. दर आठवड्याला एक विक्षिप्त पाहुणा घरात येणार असेल, तर त्या घरात कोणीतरी अत्यंत विश्वसनीय, नेहमीच्या माणसासारखा माणूस असावा लागतो. शफीभाई तो होते. पाहुणा कितीही चढा असला, तरी ते आपला सूर सोडत नसत. नाटकातून आलेल्या नटांची ही शिस्त असते, आणि शफीभाई हिंदी रंगभूमीवर नट म्हणून आणि दिग्दर्शक म्हणूनही मुरलेले होते. 1996 साली ते अकाली गेले आणि त्यांची आठवण आता फारच थोड्यांना उरली आहे. विनोदी मालिकेत हसवणाऱ्याचे नाव राहते; हसवण्यासाठी जमीन तयार करून देणाऱ्याचे राहत नाही, याची खंत वाटते.

प्रतिसाद

धागाकर्त्यांनी डिमेलोला दोन ओळींत बाजूला ठेवले आहे. मालिकांविषयीचा धागा असल्यामुळे ते समजू शकते, परंतु माझ्या मते मालिकांमधल्या यशाची किल्ली त्या चित्रपटातच आहे.

'जाने भी दो यारों' 1983 चा, कुंदन शाह यांनीच दिग्दर्शित केलेला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशांतून, अत्यंत काटकसरीने तयार झालेला. त्यात सतीश शाह हे भ्रष्ट आयुक्त डिमेलो आहेत आणि उत्तरार्धात ते डिमेलोचे प्रेत आहेत. नटाची सगळी हत्यारे त्या भूमिकेत काढून घेतलेली आहेत. डोळे मिटलेले, बोलणे नाही, प्रतिक्रिया देता येत नाही, टायमिंग दुसऱ्यांच्या हातात. उरते ते केवळ वजन. ते प्रेत शवपेटीतून रस्त्यावर येते, मद्यधुंद ओम पुरी त्याच्याशी गप्पा मारतात, आणि अखेरीस ते महाभारताच्या नाट्यप्रयोगात द्रौपदी होऊन उभे राहते. भोवती नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी, पंकज कपूर असे एकाहून एक नट जिवाच्या आकांताने धावपळ करत असताना मधोमध उभे असलेले ते निश्चल शरीर नसते, तर सगळा गोंधळ विस्कळीत झाला असता. नट मंडळी प्रेताची भूमिका साधी समजतात. मात्र प्रेताला उचलताना, टेकवताना, फिरवताना जे अंग सैल सोडावे लागते, ते सोडणे आणि तरी पडू न देणे, यासाठी शरीरावर विलक्षण ताबा लागतो.

तेव्हा ते 32 वर्षांचे होते आणि पडद्यावर त्याहून पुष्कळ मोठे दिसत होते. पुण्याच्या चित्रपट संस्थेतून अभिनय शिकून आलेला तरुण नट ज्या वयात नायकाच्या मित्राच्या भूमिकेची वाट पाहतो, त्या वयात त्यांनी वयस्क, स्थूल, सत्ताधारी माणूस स्वीकारला. चरित्र अभिनेता होण्याचा निर्णय काही जण चाळिशीत परिस्थितीमुळे घेतात. त्यांची सुरुवातच तेथून झाली. पुढच्याच वर्षी कुंदन शाह यांनी त्यांना मालिकेत दर भागात नवा माणूस दिला, यात मला योगायोग दिसत नाही. ज्या दिग्दर्शकाने या नटाला प्रेत होऊन हसवताना पाहिले, त्याला हा नट काहीही होऊ शकतो याची खात्री पटलेली असणार.

प्रतिसाद

मी थोडे वेगळे मत नोंदवतो. पंचावन्न भूमिकांचे कौतुक करताना आपण त्या भूमिका कशा होत्या हे तपासत नाही. त्यांतल्या बऱ्याचशा भूमिका ठोकळेबाज होत्या: अमुक प्रांताचा माणूस म्हणजे अमुक उच्चार, अमुक व्यवसायाचा म्हणजे अमुक लकब. त्या काळाच्या विनोदाची ती रीतच होती आणि त्यासाठी नटाला दोष देता येणार नाही. परंतु 'कोरा माणूस' असे वर्णन करणे मला अतिशयोक्त वाटते. तो ओळखीचा साचा होता, आणि प्रेक्षकाला तो पाच मिनिटांत कळत होता तो साचा म्हणूनच.

शिवाय चित्रपटांनी त्यांचे काय केले, हाही प्रश्न आहे. 'हम आपके हैं कौन', 'कल हो ना हो', 'मैं हूँ ना' ही मोठ्या यशाच्या चित्रपटांची यादी डोळे दिपवणारी आहे. पण 'मैं हूँ ना'मध्ये त्यांच्या वाट्याला काय आले? बोलताना समोरच्याच्या अंगावर थुंकी उडवणारा प्राध्यापक. एका शारीरिक लकबीवर संपूर्ण पात्र उभे. इतक्या कुवतीच्या नटाचा हा उपयोग मला क्लेशकारक वाटतो.

प्रतिसाद (धागाकर्ता)

सर्व प्रतिसादांबद्दल आभार. डिमेलोच्या संदर्भातील मांडणी मला पूर्णपणे पटली. त्यात एवढेच जोडतो की 'कभी हाँ कभी ना'मध्येही कुंदन शाह यांनीच त्यांना नायिकेच्या वडिलांची भूमिका दिली. तेथे ते मुलीच्या लग्नाची काळजी असलेले, रागावणारे आणि हळवे होणारे वडील आहेत. लकब नाही, वेषांतर नाही. ज्यांना वाटते की हा नट केवळ शरीराच्या आणि उच्चारांच्या बळावर हसवत होता, त्यांनी ती भूमिका अवश्य पाहावी.

साचेबद्धपणाच्या आक्षेपाविषयी. साचा होता, हे मान्य. अर्ध्या तासाच्या मालिकेत पाहुण्या पात्राची ओळख तात्काळ व्हावी लागते आणि लेखक त्यासाठी परिचित नमुन्यांचाच आधार घेतो. पण साचा लेखकाचा असतो, त्यात प्राण कोणत्या प्रकारचा घालायचा हे नट ठरवतो. सतीश शाह यांच्या पाहुण्यांमध्ये मला एक समान धागा दिसतो. ते सगळे स्वतःच्या दृष्टीने अत्यंत गंभीर असतात. त्यांच्यापैकी एकालाही आपण विनोदी आहोत याची पुसटशीही कल्पना नसते. साचेबद्ध भूमिका करणारा सामान्य नट प्रेक्षकाकडे पाहून डोळा मिचकावतो आणि 'पाहा, हा माणूस किती हास्यास्पद आहे' असे सुचवतो. सतीश शाह तसे करत नसत. त्यांचा माणूस स्वतःचे काम करायला आलेला असे आणि त्या कामावर त्याची नितांत श्रद्धा असे. त्यामुळे साचा साचाच राहूनही त्या माणसाचा अपमान होत नसे. याचे श्रेय शरद जोशी यांनाही द्यायला हवे. ते हिंदीतील पहिल्या फळीचे व्यंग्यकार होते आणि माणसाच्या मूर्खपणाकडे ते चिडून न पाहता निरखून पाहत असत.

'मैं हूँ ना'विषयीची खंत मात्र मलाही आहे. मोठ्या चित्रपटात चरित्र अभिनेत्याला दोन-तीन प्रसंग मिळतात आणि त्यांतून लक्षात राहायचे तर काहीतरी ढोबळ करावे लागते. नेमके याच कारणासाठी मला मालिका महत्त्वाच्या वाटतात. तेथे दोन प्रसंगांचे दोनशे होतात.

प्रतिसाद

या चर्चेत मधली वर्षे राहून जात आहेत. खासगी वाहिन्या आल्यावर नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर 'फिल्मी चक्कर' आली होती. चित्रपटांच्या वेडाने पछाडलेले कुटुंब, आणि त्यात नवरा-बायको म्हणून सतीश शाह आणि रत्ना पाठक शाह. म्हणजे इंद्रवदन-माया ही जोडी 2004 मध्ये अचानक जमली असे नाही. त्या दोघांचा एकमेकांच्या लयीचा सराव दहा वर्षे आधी झालेला होता. नंतर 'घर जमाई'मध्ये ते सासरे झाले. जावई होता आर. माधवन, जो तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नव्हता. सासरा-जावयाची चकमक हा तर आपल्याकडचा जुना विषय, पण तो ताजा वाटे, कारण सतीश शाह यांचा सासरा हरल्यावर अधिक रंगत असे.

त्यांच्याविषयी बोलताना मला नेहमी अशोक सराफ आठवतात. 'हम पाँच'मध्ये पाच मुली, बायको आणि भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी दिवंगत पहिली बायको अशा सर्वांच्या कात्रीत सापडलेले आनंद माथुर त्यांनी केले. मराठी चित्रपटातला इतका मोठा नायक-नट हिंदी मालिकेत येऊन सहन करणाऱ्या माणसाची भूमिका घेतो आणि त्यात अजिबात घाई करत नाही, हे पाहण्यासारखे होते. दोघांची तऱ्हा वेगळी आहे. अशोकमामांचा माणूस संकट टाळायला पाहतो आणि ते त्याच्यावर येऊन आदळते. सतीश शाह यांचा इंद्रवदन संकट स्वतः ओढवून आणतो आणि नंतर आनंदाने त्याची शिक्षा भोगतो. दोघे 'गंमत जंमत'मध्ये एकत्रही होते, हे मराठी प्रेक्षकांना सांगायला नको.

प्रतिसाद

रत्ना पाठक शाह यांचा उल्लेख आला, ते बरे झाले. इंद्रवदनाची मजा मायाच्या ठामपणावर अवलंबून आहे. त्या कधीही, एका क्षणासाठीही, आपला तोल आणि आपले शुद्ध उच्चार सोडत नाहीत. त्या सोडत नाहीत म्हणून त्याला डिवचावेसे वाटते.

प्रतिसाद

अगदी सहमत. आणि या मालिकेत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. इंद्रवदन बायकोची सतत टर उडवतो, पण तो तिच्यावर प्रेम करतो याविषयी प्रेक्षकाच्या मनात कधी शंका येत नाही. नवऱ्याने बायकोची टिंगल करणे हा विनोदी मालिकांचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे आणि तो फार लवकर ओंगळ होतो. येथे तो होत नाही, याचे कारण लेखनात आहे तसे अभिनयातही आहे. माया खरोखर दुखावली आहे असे दिसताच सतीश शाह यांचा चेहरा ताबडतोब उतरतो. तो क्षण ते लांबवत नाहीत, त्यावर भावुक संगीत वाजवण्याची वाट पाहत नाहीत. खोडी काढणारा माणूस एकदम नवरा होतो आणि थोड्याच वेळात पुन्हा खोडकर होतो. 1984 मध्ये त्यांनी वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी माणसे केली, आणि 2004 मध्ये एकाच माणसात ती सामावली, असे मला या चर्चेच्या निमित्ताने प्रथमच वाटले.

प्रतिसाद

एक प्रश्न विचारतो. 'साराभाई' मूळ प्रक्षेपणाच्या वेळी फारशी चालली नाही, टीआरपीअभावी 2006 मध्ये ती आवरती घेतली गेली, आणि तिची खरी लोकप्रियता नंतरच्या पुनःप्रक्षेपणांतून आणि इंटरनेटवरून वाढली. मग 2017 मध्ये हॉटस्टारवर दुसरे पर्व आले, तीच मंडळी, तोच लेखक, तोच दिग्दर्शक. तरीही ते पहिल्यासारखे रुजले नाही. धागाकर्त्यांच्या मांडणीनुसार सतीश शाह यांच्याकडे एकच माणूस दीर्घकाळ ताजा ठेवण्याची कला होती. मग येथे ती कमी पडली का?

प्रतिसाद (धागाकर्ता)

प्रश्न योग्य आहे आणि त्यावर मी बराच विचार केला आहे. दुसऱ्या पर्वात सतीश शाह साठीच्या मध्यावर होते, परंतु मला त्यांच्या कामात थकवा दिसला नाही. अडचण भोवतालच्या रचनेत होती. पहिल्या पर्वात प्रत्येक भागाचा विषय लहान असे. मोनिषाने स्वस्तात आणलेली एखादी वस्तू, रोसेशचे एखादे नवे नाटक, जावई दुष्यंतचे यंत्रांविषयीचे न संपणारे स्पष्टीकरण. एवढ्याशा कारणाभोवती पाच माणसे एका दिवाणखान्यात बसत आणि त्यांना एकमेकांकडे पाहायला भरपूर अवकाश मिळे. दुसऱ्या पर्वात प्रसंग मोठे झाले, भागांची संख्या कमी झाली आणि प्रत्येक पात्राला त्याची प्रसिद्ध झालेली लकब दाखवून देण्याची घाई झाली. प्रेक्षक जे मागत होता ते त्याला लगेच हातात दिले गेले. ज्या नटाची ताकद दुसऱ्याचे बोलणे ऐकण्यात आहे, त्याला ऐकायला वेळच उरला नाही.

तरीसुद्धा त्या पर्वात काही जागा आहेत. इंद्रवदन आता आजोबा आहे आणि नातवाला तो खोड्यांमधला नवा भिडू मानतो. नातवाबरोबरच्या प्रसंगांत सतीश शाह यांनी आवाजाची पट्टी किंचित खाली आणली आहे. पहिल्या पर्वात तो मोनिषाशी कट करताना कुजबुजत असे, परंतु ती कुजबुज मायाला ऐकू जावी इतपत मोठी असे, कारण पकडले जाण्यातच त्याला मजा होती. नातवाशी बोलताना मात्र त्याला खरोखरच पकडले जायचे नसते. बाकीच्या गडबडीत हा फरक सहज निसटतो. पहिले पर्व ज्यांना पाठ आहे, त्यांनी दुसऱ्यातले हे प्रसंग तेवढ्यासाठी पाहावेत.